सोबत : आई

१

बॅकअप घेणारी माणसं प्रत्येक कचेरीत असतात. घेतलेला बॅकअप दुसऱ्या यंत्रावर पुन्हा उभा करून बघणारं माणूस मात्र शोधून काढावं लागतं. योम नदीकाठच्या आमच्या साठ खाटांच्या इस्पितळात ते माणूस म्हणजे मी. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी, जेवणं आटोपली की मी कपाटातून मागच्या महिन्याची डिस्क काढते, जुन्या इमारतीत जाते, तिथल्या राखीव सर्व्हरवर अख्खा डेटाबेस उतरवते, रुग्णांचा आकडा जुळला की वहीत सही करते आणि उतरवलेलं सगळं पुसून टाकते. अकरा वर्षं हे चाललंय. इतकं कंटाळवाणं काम आहे की ते करता करता मी संध्याकाळी काय रांधायचं याचा विचार करते.

मार्च लागला होता. डोंगरावर रानं पेटवणं सुरू झालेलं, त्यामुळे भर दुपारी सूर्य संत्र्यासारखा दिसायचा आणि ज्याला बघावं तो खोकत असायचा. त्यात राजधानीतून तपासणीला एक बाई आल्या. ओरापिनबाई त्यांचं नाव. ठेंगण्या, चष्मा साखळीत अडकवलेला, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण पुन्हा शाळेत आलोय असं वाटावं.

"मागच्या महिन्याची डिस्क मला दाखवू नका," त्या म्हणाल्या. "ती तुम्ही काल गुपचूप करून बघितली असणार."

"नाही हो बाई."

"मग तुम्ही आळशी आहात. कपाट उघडा."

त्यांनी डिस्कांच्या रांगेवरून बोट फिरवलं आणि एक ओढून काढली. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : चौदा मे, बासष्ट, म्हणजे बौद्ध सन पंचवीसशे बासष्ट.

"ही जवळजवळ पाच वर्षं जुनी आहे," मी म्हटलं.

"मग? पाच वर्षांपूर्वी आजारी पडली ती माणसं नव्हती का? हीच उभी करा. शुक्रवारी तीनला मी स्वतः येऊन बघेन आणि सही करेन. तोवर पुसायचं नाही. पुसलंत, तुकबाई, तर इस्पितळाचा दर्जा जाईल आणि रिपोर्टात कारण म्हणून तुमचं नाव जाईल."

तुक हे माझं हाक मारायचं नाव. डिस्कवरची तारीख मी वाचली होती. वाचूनही वाचली नाही असं केलं.

२

जुनी इमारत म्हणजे पूर्वीचा मुलांचा वॉर्ड. नवी इमारत झाली तसा तो बंद पडला. दाराशी चपला काढायची सवय मात्र कुणाची सुटलेली नाही. आत धूळ असली तरी मी अनवाणीच जाते. नर्सच्या टेबलाच्या जागी आता सर्व्हर ठेवलाय, कारण त्या इमारतीतला चालू असलेला एकुलता एक एसी तिथे आहे. टेबलापुढे मोठी काच, आणि काचेपलीकडे वॉर्ड. भिंतीवर एकमेकांच्या शेपट्या धरून चाललेले हत्ती रंगवलेत. लोखंडी खाटा कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवल्यात. फक्त सात नंबरची खाट खिडकीपाशी एकटी उभी आहे. तिचं चाक गंजून जाम झालंय, कुणाला ती हलवता आली नाही.

त्या खाटेकडे मी सहसा बघत नाही. चौदा मेच्या दुपारी माझी मुलगी त्याच खाटेवर भरती झाली होती. चार वर्षांची होती. तिसऱ्या दिवशी दोन वाजता ताप चाळीसच्या वर गेला, तिला झटका आला आणि जवळजवळ दोन मिनिटं तिचा श्वास बंद होता. त्या वर्षातली ती तिसरी खेप होती. शहरातल्या मोठ्या इस्पितळातून एक्केचाळीस दिवसांनी मी तिला घरी आणली, आणि दुसऱ्याच दिवशी देवळात जाऊन भिक्षूंकडून नवं नाव मागून घेतलं.

आमच्याकडे अशा मुलाचं नाव बदलतात. नुसतं बदलून भागत नाही. जुन्या नावाचं मूल गेलं असं धरायचं असतं. तिचे कपडे, तिच्या बेडकाच्या डोळ्यांच्या पिवळ्या चपला, सगळं देवळाच्या मागे जाळलं. कागदोपत्री ती पुन्यवी झाली. घरात तिला खावफांग म्हणायला लागलो. खावफांग म्हणजे ज्वारी. पीक कसंही येवो, ज्वारी तग धरते म्हणून. जुनी दोन्ही नावं मी त्यानंतर कधी उच्चारली नाहीत, आणि इथेही लिहिणार नाही.

मग मी एक चूक केली. दुसरीकडच्या कुठल्या इस्पितळात, माझ्या जागी बसलेली बाई ती करणार नाही. नियम असा की रुग्णाचं नाव बदललं तर त्याच नोंदीत नवं नाव घालायचं. मला ते धाडसाचं वाटलं. नव्या नावाखाली जुनी पानं कशाला? मी नवा नंबर काढून नवी नोंद उघडली, आणि जुनी नोंद बंद केली. बंद करायला कारण लागतं. मी यादीतून 'मृत' निवडलं. मुलगी माझ्या मांडीवर बसून आंबा खात होती.

तर बुधवारी डिस्क लावली. उतरायला अडीच तास लागले. राखीव सर्व्हरला मी नेटवर्कची केबल कधीच जोडत नाही, या वेळीही जोडली नव्हती. आकडा बघितला : सत्तेचाळीस हजार तीनशे अठरा. वहीतल्या आकड्याशी तंतोतंत जुळला. तिथेच उठायला हवं होतं. पण बोटांना जुना नंबर पाठ होता.

नोंद उघडली. वय चार. खाट सात. 'उपचार सुरू.' तापाच्या तक्त्यात एकच ओळ होती, दुपारी तीनची, कारण त्या दिवशी बॅकअप पाचला घेतला होता. त्या वेळच्या त्या यंत्राला पुढचं काही ठाऊकच नव्हतं. श्वास थांबला ते नाही, नाव बदललं ते नाही. स्क्रीनवर ते नाव बघून मला बरं वाटलं, हे मी खरं सांगते. रडूही आलं. मी स्क्रीन बंद करून बाहेर पडले.

३

संध्याकाळी खावफांग भातावरून उठली.

"डोकं जड झालंय, आई."

"धूर आहे ना बाहेर. मास्क कुठे टाकलास?"

"मास्क होता. धूर नाही, डोकंच जड आहे."

काखेत थर्मामीटर लावला. सदतीस पूर्णांक आठ. त्या आठवड्यात अर्ध्या शाळेला ताप होता, म्हणून मी घाबरले नाही. कपाळावर थंड पावडर लावली आणि तिच्या बापाला, दूर रयोंग शहरात, फोन केला. तो कारखान्यात पाळीवर होता, त्याने उचलला नाही.

सकाळी सहाला अडतीस पूर्णांक चार. तिला घेऊनच कामावर आले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, काही सापडलं नाही. "साधा ताप आहे, तरी तुझी धास्ती मला माहितीये, भरती करून घेऊ," ते म्हणाले. नव्या इमारतीतल्या मुलांच्या वॉर्डात तिला तीन नंबरची खाट मिळाली. तिथल्या मुख्य नर्स सायताई. जुन्या वॉर्डातही त्याच होत्या. त्या दुपारी माझ्या मुलीच्या छातीवर हात ठेवून श्वास परत आणला तो त्यांनीच.

नऊ वाजता मी जुन्या इमारतीत गेले. ओरापिनबाईंसाठी आकड्याचा कागद छापायचा होता, एवढंच. नोंद उघडायची नाही असं ठरवून गेले होते. उघडलीच.

तक्त्यात पाच ओळी होत्या.

काल बघितलेल्या तीनच्या ओळीखाली : सायंकाळी सहा, ३७.८. रात्री दहा, ३८.०. पहाटे दोन, ३८.३. सकाळी सहा, ३८.४. प्रत्येक ओळीपुढे नर्सची खूण असते, तिथे सायताईंची होती. आणि तारखा पाच वर्षांपूर्वीच्या नव्हत्या. कालच्या आणि आजच्या होत्या.

मी तारखांचंच मनावर घेतलं, कारण तारखांना कारण देता येतं. आमच्याकडे सन मोजायच्या दोन तऱ्हा आहेत, बौद्ध आणि इंग्रजी, एकमेकींपासून पाचशे त्रेचाळीस वर्षं दूर, आणि यंत्रं त्यात कायम गोंधळ घालतात. जुना डेटा नव्या यंत्रावर उतरवला की तारखा सरकतात, हे मी दहा वेळा बघितलंय. ओळी जुन्याच असतील, डिस्कवर होत्याच असतील, काल मला दिसल्या नसतील. मी डिस्क पुन्हा लावून मूळ फाइल तपासली. तिच्यात तापाची एकच ओळ होती.

काचेपलीकडे कुठेतरी 'खट्' झालं. थोड्या वेळाने पुन्हा एकदा, 'खट्'. लोखंडी खाटेचा कठडा खाली करताना असा आवाज होतो. आधी डोक्याकडची कडी, मग पायाकडची. तो आवाज मी एक जन्म ऐकत बसले होते, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. काचेतून बघितलं. खाट जागेवर होती, कठडा कसा होता ते मी नीट बघितलं नाही.

४

"मी?" सायताईंनी नूडल्सचा वाडगा खाली ठेवला. "सकाळी सहाला मी नवऱ्याशी भांडत होते. गाडीची किल्ली कुणी हरवली यावरून. हवं तर त्याला विचार."

"खूण तुमचीच आहे."

"पाच वर्षांपूर्वीच्या वॉर्डात माझी खूण असणारच ना. अजून पगार वाढवला नाही, वर जुन्या वॉर्डातही राबवून घेतात बघ."

त्या हसल्या. मी हसले नाही, तेव्हा त्यांनी नूडल्स बाजूला सारल्या आणि हलक्या आवाजात बोलल्या. "तुक, तू तिच्या जुन्या नोंदीत गेलीसच कशाला?"

"नंबर पाठ होता."

"मग आता विसर. तुझी पोरगी तीन नंबरवर लोळत कार्टून बघतेय. दहाचा ताप मी स्वतः घेते, तुझ्यासमोर. चल."

दहाला त्यांनी माझ्यासमोर ताप घेतला. अडतीस पूर्णांक नऊ. खावफांगने जीभ बाहेर काढून मला वेडावलं. मी "आलेच" म्हणाले आणि दोन इमारतींमधल्या गवतातून जवळजवळ पळत गेले. नोंद उघडली. सकाळी दहा, ३८.९.

मी तिथल्या खुर्चीवर बसले. एसीतून थेंब गळत होता. केबल माझ्या हातात होती, दोन्ही टोकं मोकळी. हे यंत्र कशालाच जोडलेलं नाही, हे मी स्वतःला मोठ्याने सांगितलं. आवाज वॉर्डात जाऊन परत आला.

पुढचे आकडे मला माहीत होते. आयांना असले तक्ते तोंडपाठ असतात. दुपारी दोन, एकोणचाळीस पूर्णांक एक. संध्याकाळी एकोणचाळीस पूर्णांक तीन. मग रात्री जरा उतरल्यासारखं, आणि पहाटे पुन्हा वर. तिसऱ्या दिवशी दहाला चाळीस पूर्णांक तीन. दोनला चाळीस पूर्णांक आठ, आणि त्यापुढची दोन मिनिटं. तिसरा दिवस म्हणजे शुक्रवार.

दोनचा आकडा जुळला. मी ओरापिनबाईंना फोन लावला.

"बाई, उद्या तीनऐवजी सकाळी याल का? मला ते पुसायचंय."

"का?"

"मुलगी आजारी आहे," मी म्हटलं.

"अरेरे. मग तिच्याजवळ बसा. सर्व्हरला तुमची गरज नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

पाच वाजता मी राखीव सर्व्हर बंद केला. नुसता बंद नाही, भिंतीतून वायरच काढली. दिवे विझले, पंखा घरघरत थांबला. पुसायचं नाही असा हुकूम होता, बंद करायचं नाही असा नव्हता. रात्रभर मी तीन नंबरच्या खाटेशी बसून होते. ताप एकोणचाळीस पूर्णांक तीन, मग एकोणचाळीस पूर्णांक दोन. उतरतोय असं मला वाटलं.

५

शुक्रवारी आमच्या जिल्ह्यात सगळे सरकारी लोक निळीत रंगवलेला सुती सदरा घालतात. माझा नवा होता. नव्या सदऱ्याचा रंग पहिले दोन-तीन महिने जातो. मानेला, मनगटांना, जिथे घासेल तिथे निळं होतं. सकाळी खावफांगला कुशीत घ्यायला वाकले तर सायताई ओरडल्या, "अगं, चादरी पांढऱ्या आहेत! हात लावायचा नाही त्या सदऱ्याने." म्हणून मी तिला हात लावला नाही. नुसती बाजूला उभी राहिले. हे लक्षात आहे, कारण पुढे मला ते परत परत आठवावं लागलं.

सहाला एकोणचाळीस पूर्णांक नऊ. दहाला चाळीस पूर्णांक तीन. खावफांग आता वेडावत नव्हती. ओठ सुकले होते, डोळे अर्धवट उघडे, आणि हाक मारली की पापणी हलायची, तेवढंच.

"खावफांग."

पापणी.

डॉक्टर म्हणाले, दोनपर्यंत उतरला नाही तर रुग्णवाहिकेने शहरात पाठवू. मागच्या खेपेलाही ते हेच म्हणाले होते, ह्याच शब्दांत.

सायताईंनी मला दाराशी ओढलं. त्यांचा चेहरा कालचा नव्हता. "तिथे काय दिसतंय?"

"वायर काढून ठेवलीये. काही दिसणार नाही."

"मग जाऊन बघ. आणि काय करायचं ते करून ये. सहीबिही गेली खड्ड्यात."

दीड वाजत आला होता. धुरामुळे उजेड पिवळट झालेला, गवतात एकही पाखरू नव्हतं. जुन्या इमारतीच्या दाराशी मी चपला काढायला वाकले आणि तशीच राहिले. उंबऱ्यापाशी एक जोड आधीच काढून ठेवलेला होता. लहान. पिवळ्या चपला, पट्ट्यावर बेडकाचे दोन डोळे. डावीच्या जागी उजवी, उजवीच्या जागी डावी, जशा ती नेहमी काढायची.

त्या मी जाळल्या होत्या. रबराचा वास दोन दिवस केसांतून गेला नव्हता.

कुणा कामवालीचं पोर असेल, असं मी मनाशी म्हटलं. बाजारात अशा चपला हजार मिळतात. माझ्या चपला मी त्यांच्यापासून हातभर लांब काढल्या आणि आत गेले.

६

वायर भिंतीत घातली. यंत्र जागं व्हायला चार मिनिटं लागतात. ती चार मिनिटं मी काचेकडे पाठ करून उभी होते. थंड पावडरचा वास येत होता. तो माझ्याच हातांचा असेल. गेले दोन दिवस मी तिला पावडरच लावत होते.

नोंद उघडली. काल संध्याकाळी पाचपासून यंत्र मेलेलं होतं. तक्त्यात सहाची ओळ होती. रात्री दहाची होती. पहाटे दोन, सकाळी सहा, सकाळी दहा. सगळ्या होत्या. ४०.३. पुढची ओळ अजून रिकामी होती.

इतका वेळ मी बुद्धीला धरून होते. आता ती सोडली. जाऊ दे म्हटलं, खरंच असेल तर असेल. पोरगी वाचली पाहिजे.

अख्खा डेटाबेस पुसायला एक ओळ लिहावी लागते. ती मी लिहिली आणि एंटरवर बोट ठेवलं. पण दाबलं नाही. तिथे 'उपचार सुरू' असं लिहिलेलं होतं. चार वर्षांची, सात नंबरवर, ताप चाळीसवर, आणि मी तिच्यावरून फडकं फिरवणार. दोन्हीकडचा ताप एकच असेल तर? ही पुसली आणि तिकडे ती गेली तर? आधी नोंद बंद केली पाहिजे. रीतसर. उपचार चालू असलेलं मूल कुणी असं मध्येच टाकून देत नाही.

मी नोंद बंद करायचा चौकोन उघडला. यादी आली : बरा होऊन घरी. दुसरीकडे पाठवला. विनंतीवरून घरी. मृत.

भिक्षूंना विचारलं असतं तर त्यांनी शेवटचंच सांगितलं असतं. मागे मी तेच निवडलं होतं, आंबा खाणाऱ्या पोरीला मांडीवर घेऊन. तेव्हा सोपं गेलं, कारण धोका टळला होता. आज ते नाव समोर होतं, मीच ठेवलेलं, बाळंतपणाच्या खाटेवर तिचं तोंड बघून ठेवलेलं. आणि काचेपलीकडे 'खट्' झालं. मग दुसरं 'खट्'. कठडा खाली आला होता. कुणीतरी उतरायच्या तयारीत बसलं होतं आणि मोठ्या माणसाची वाट बघत होतं, मुलं बघतात तशी.

मी मान वळवली नाही. दोन वाजायला नऊ मिनिटं होती. माझ्याने 'मृत' निवडवलं नाही. मी 'बरा होऊन घरी' निवडलं.

यंत्राने ते घेतलं नाही. मुलांच्या बाबतीत आणखी एक रकाना भरावा लागतो, तो लाल झाला. सोबत कोण?

मी लिहिलं, 'आई.'

नोंद बंद झाली. मग मी सगळं पुसलं. एंटरच्या बटणावर माझ्या बोटाचा निळा ठसा उमटला.

उठून निघाले तेव्हा कमरेपाशी सदरा किंचित ओढल्यासारखा वाटला. खुर्चीच्या हातात अडकला असणार. मी थांबले नाही. चपला तिथेच सोडून अनवाणीच पळाले. उंबऱ्याकडे बघितलं नाही, म्हणून तिथे माझाच एक जोड उरला होता की अजून दोन होते, हे मला सांगता येणार नाही.

७

"तुक! अगं कुठे होतीस?" सायताई वॉर्डाच्या दारातच भेटल्या. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. "उतरला! दोनला बरोबर सदतीस. मी तीनदा घेतला. घामाने चादर भिजलीये, आणि ही बया उठून बसलीये!"

मी भिंतीला टेकले. तिथेच जमिनीवर बसून मी हात जोडले, कुणाला ते मलाही ठाऊक नाही.

"सही गेली माझी," मी म्हटलं.

"जाऊ दे. त्या बाईंना मी बघते. जा, पोरीजवळ जा."

ती तीन नंबरवर बसली होती, पाय खाली सोडून, पाठ माझ्याकडे. खिडकीतून बाहेर बघत होती. तिथून जुनी इमारत दिसते. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. कपाळ गार होतं. नऊ वर्षांची माझी पोर, तोच खांदा, तोच मानेवरचा तीळ.

"भूक लागली का?"

तिने मान हलवली. मग खाली बघितलं. खाटेखाली तिच्या सपाता होत्या.

"आई, माझ्या चपला?"

"या काय."

"या नाही. बेडकाच्या."

सायताईंनी माझ्याकडे बघितलं आणि घाईने बोलल्या, "तापात लहानपणचं आठवतं गं मुलांना. माझा भाचा तर मेलेल्या कुत्र्याला हाका मारत होता."

"हो," मी म्हटलं. "तापातलं."

तिचा उजवा हात मांडीवर होता, मूठ वळलेली. ती मी हळूच उघडली. तळवा आणि बोटं आतून निळी झाली होती. कापडाचं टोक घट्ट धरून बराच वेळ चालल्यावर होतील तशी. आत्ता केस आणि कपाळ सोडलं तर सकाळपासून मी तिला हात लावला नव्हता.

मी तो हात पुसला नाही. नुसता धरून बसले. मग हाक मारली.

"खावफांग."

ती खिडकीतून बघत राहिली.

"मघाशी मीही दोन-तीनदा मारली हाक," सायताई म्हणाल्या. "कानात दडे बसलेत वाटतं. मोठ्याने मार."

"खावफांग! पुन्यवी!"

पापणीसुद्धा हलली नाही. सकाळी चाळीसच्या तापात हलत होती.

"अगं, बघतेस काय? तू आई आहेस, तुझ्या हाकेला बघेल ती. मार ना."

माझ्याकडे आता एकच नाव उरलं होतं, तिचं हाक मारायचं जुनं. ते मी घेणार नव्हते. पाच वर्षांत झोपेतही घेतलं नव्हतं. पण ओठ आपोआप त्याच्या पहिल्या अक्षरासाठी उघडले, आणि मी ते दातांखाली दाबून धरलं.

तेवढ्यात तिने वळून माझ्याकडे बघितलं आणि हसून ओ दिली.